कूर्चेच्या गाठी आणि पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात पॅथॉलॉजीचं काम करतो. हाडांच्या गाठींच्या स्लाइड्स येतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्न येतात. व्हॉट्सॲपवर रिपोर्टाचा फोटो, खाली एखादी ओळ, कधी नुसतंच प्रश्नचिन्ह. विचारणारे दोन प्रकारचे: रुग्णाच्या घरचे, आणि थीसिसला विषय शोधणारी एमडीची मुलं. दोघांचे प्रश्न इथे एकाच यादीत आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे किचकट. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही. "प्रश्न ४ पाहा" दिसलं की तिकडे जा.

१. कूर्चेची गाठ म्हणजे काय? प्रत्येक गाठ कॅन्सरचीच असते का?

कूर्चा म्हणजे कोवळं हाड. शाळेच्या पुस्तकात कास्थी, डॉक्टरांच्या तोंडी कार्टिलेज, आणि सावजीच्या ताटात नळीच्या टोकाला दाताखाली कुरकुरतं ते तेच. आपल्या अंगात ती कानात, नाकाच्या शेंड्यात, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना आणि सांध्यात असते. तिच्यासारखी ऊती भलत्या जागी वाढली की ती कूर्चेची गाठ.

बहुतेक गाठी साध्या असतात. ऑस्टिओकॉन्ड्रोमा हाडावर टेंगळासारखा बाहेर येतो. हाडाच्या साध्या गाठींत सगळ्यात जास्त आढळतो तो हाच. एन्कॉन्ड्रोमा हाडाच्या आत, बऱ्याचदा हाताच्या बोटांत, गुपचूप बसलेला असतो आणि बोट मोडल्यावर एक्स-रेत सापडतो. कॅन्सर असेल तर त्याचं नाव कॉन्ड्रोसार्कोमा. तो बहुधा चाळिशीनंतर होतो, आणि कमरेचं हाड, मांडीचं हाड, दंडाचं वरचं टोक, बरगड्या या त्याच्या आवडत्या जागा.

२. "पेशींना चिकटवणारी प्रथिनं" हा काय प्रकार आहे?

पेशी हवेत तरंगत नाहीत. शेजारच्या पेशीला किंवा भोवतालच्या पदार्थाला धरून राहतात. हे धरण्याचं काम पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं करतात. कूर्चेच्या बाबतीत तीन नावं पुन्हा पुन्हा येतात.

कॅडहेरिन पेशीला पेशीशी जोडतात आणि त्यांना कॅल्शियम लागतं. नावातच ते आहे. इंटेग्रिन पेशीला बाहेरच्या जाळीशी, म्हणजे कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिनशी जोडतात. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांच्या २४ जोड्या ठाऊक आहेत. २०२२ चा लास्कर पुरस्कार हाइन्स, रुओस्लाह्टी आणि स्प्रिंगर या तिघांना इंटेग्रिनच्या शोधासाठीच मिळाला. तिसरं सीडी ४४. ते हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ धरतं. आजीच्या गुडघ्यात जे "जेलचं इंजेक्शन" दिलं होतं ना, त्यातला पदार्थ हाच.

आता कूर्चेची गंमत पाहा. कातडीच्या पेशी एकमेकींना खेटून असतात. कूर्चेच्या पेशी तशा नसतात. सीताफळ फोडून पाहा: प्रत्येक बी आपापल्या गरात, शेजारच्या बीपासून वेगळी. कूर्चेची पेशी अशीच आपल्या खळगीत एकटी, चहूबाजूंनी स्वतःच तयार केलेल्या गरात. म्हणून तिचं धरणं मुख्यतः गराशी असतं, म्हणजे सीडी ४४ आणि इंटेग्रिन. पेशी-पेशींचं नातं फार थोडं. पुढचे निम्मे गैरसमज हे न कळल्यामुळे होतात.

३. सर, बाबाच्या रिपोर्टात "सीडी ४४ पॉझिटिव्ह" लिहून आलं. मंग हा कॅन्सर आहे काय जी?

नाही, त्या एका ओळीवरून काहीच ठरत नाही. निरोगी कूर्चेच्या पेशींवरही सीडी ४४ असतं. साध्या गाठीतही असतं. गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या आपल्याच पहारेकरी पेशींवर तर भरपूर असतं. "पॉझिटिव्ह" म्हणजे "रंग दिसला", एवढाच त्या शब्दाचा अर्थ. करोनाच्या काळात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट हे डोक्यात इतकं बसलंय की या शब्दाची धास्तीच घेतली जाते.

चूक थोडी माझीही. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक ओळ खुलासा न देता लिहिली होती. रुग्णाच्या मुलानं रात्रभर मोबाइलवर शोधलं आणि सकाळी सात वाजता रिपोर्ट हातात घेऊन दारात उभा. गाठ साधी होती. तेव्हापासून मार्करच्या, म्हणजे अँटीबॉडीनं रंगवून शोधलेल्या प्रथिनाच्या, नावाखाली "या निकालावरून निदान किंवा ग्रेड बदलत नाही" हे वाक्य मी आवर्जून लिहितो. तुमच्या रिपोर्टात असं काही नसेल तर ज्यांनी सही केली त्यांना सरळ फोन करा. त्यात संकोच नको.

४. मग पुढे काय होईल याचा अंदाज कशावरून बांधता?

मुख्य आधार ग्रेड. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती दाट, केंद्रकं किती मोठी नि काळी, गर किती पातळ झालाय, विभाजन दिसतं का, यावरून १, २, ३. ग्रेड १ फारच क्वचित पसरतो आणि ५ वर्षांनंतर १०० पैकी ९० च्या आसपास रुग्ण हयात असतात. ग्रेड ३ बऱ्याचदा फुप्फुसात जातो.

त्यानंतर जागा. बोटातली गाठ आणि कमरेच्या हाडातली गाठ यांत जमीन-अस्मानाचा फरक, कारण कमरेतली गाठ पूर्ण काढणं अवघड. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर हातापायातल्या कमी ग्रेडच्या गाठीला "एटिपिकल कार्टिलाजिनस ट्यूमर" म्हणतात आणि तशीच गाठ कमरेत, मणक्यात किंवा कवटीच्या तळाशी असेल तर ग्रेड १ कॉन्ड्रोसार्कोमा. स्लाइड तीच, नाव जागेवरून. घरच्यांना हे अन्यायाचं वाटतं, पण यामागे अनुभव आहे.

मग कडा: काढलेल्या गाठीभोवती निरोगी ऊतीचं अस्तर आलं का. आणि डीडिफरन्शिएशन, म्हणजे शांत गाठीच्या कुशीतच एकदम आक्रमक, कूर्चेसारखी न दिसणारी गाठ उगवणं. दहातल्या साधारण एका कॉन्ड्रोसार्कोमात हे होतं आणि त्याचा परिणाम फार वाईट. चिकटवणाऱ्या प्रथिनांचा नंबर या सगळ्यांच्या मागे लागतो, आणि तोही आज संशोधनापुरता.

५. चिकटपणा जास्त असेल तर गाठ एका जागी राहील ना? म्हणजे मार्कर जास्त तेवढं चांगलं?

हा तर्क सगळेच करतात, आणि स्तनाच्या किंवा जठराच्या कॅन्सरमध्ये तो बराचसा चालतो. तिथे ई-कॅडहेरिन गेलं की पेशी सुट्या होतात आणि पसरतात.

कूर्चेत गणित वेगळं. चालायला पाय जमिनीवर घट्ट रोवावा लागतो. तेलकट फरशीवर कोणी धावत नाही. पेशीलाही सरकायचं तर पुढे पकड घ्यावी लागते आणि मागची सोडावी लागते. अल्फा-व्ही बीटा-३ या इंटेग्रिनची पकड वाढवली की कॉन्ड्रोसार्कोमाच्या पेशी प्रयोगशाळेत जास्त वेगानं सरकतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. सीडी ४४ चंही तसंच: काही छोट्या अभ्यासांत ज्यांच्या गाठीत ते जास्त होतं त्यांचा पुढचा प्रवास वाईट निघाला.

मात्र या प्रयोगांतल्या पेशी कुठून येतात तेही लक्षात ठेवा. सर्रास वापरली जाणारी एसडब्ल्यू १३५३ ही पेशीरेषा १९७७ साली टेक्ससमधल्या ७२ वर्षांच्या एका बाईच्या दंडातल्या ग्रेड २ गाठीपासून बनवलेली. तेव्हापासून ती प्लास्टिकच्या तबकडीत, गराविना वाढते आहे. सीताफळाची बी गरातून काढून बशीत ठेवायची आणि मग ती गराला कशी धरते ते पाहायचं, असा तो मामला.

६. गावात म्हणतात बायोप्सी केली की गाठ भडकते. सुई लागली की पेशी सुटतात काय?

भडकत नाही. पण या समजुतीत एक कण खरा आहे, म्हणून झटकून टाकत नाही. कूर्चेच्या गाठीच्या पेशी सुईच्या वाटेत सांडू शकतात आणि तिथे रुजू शकतात. त्या सहज सुटतात याचं कारण त्यांचा गर: जास्त ग्रेडच्या गाठीत तो पातळ, शेंबडासारखा झालेला असतो.

उपाय बायोप्सी टाळणं हा नव्हे. जो सर्जन गाठ काढणार, त्यानंच बायोप्सीची जागा ठरवायची, म्हणजे मोठ्या ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीबरोबर काढता येते. घाईघाईत जवळच्या दवाखान्यात कुठूनही तुकडा काढून आणलेले रुग्ण येतात तेव्हा सर्जनचा चेहरा पाहवत नाही. हाडाच्या गाठींचं नेहमी काम करणारा माणूस आधी गाठा, तुकडा नंतर.

७. स्लाइड दुसऱ्या मतासाठी मुंबईला न्यायची आहे. काय काय सोबत घ्यावं?

रंगवलेल्या स्लाइड, गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक, मूळ रिपोर्ट, आणि एक्स-रे व एमआरआयची सीडी. शेवटची गोष्ट लोक घरी विसरतात. एक्स-रे न पाहता कूर्चेच्या गाठीवर मत देणारा पॅथॉलॉजिस्ट एक तर फार थोर असतो किंवा फार घाईत.

ब्लॉकचं मेण ५६ ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वरही जातो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक वाकडा होऊन आलेला मी पाहिला आहे. जेवणाच्या डब्याच्या जाड पिशवीत ठेवा, अंगाजवळ ठेवा, आणि ब्लॉक दिल्याची पावती दोन्हीकडून घ्या.

८. दोन लॅबचे निकाल वेगळे आले. एक पॉझिटिव्ह म्हणते, एक निगेटिव्ह. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून आधी आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात. नायट्रिक आम्लात तो जास्त वेळ राहिला तर प्रथिनांचा आकार बिघडतो, अँटीबॉडीला तो ओळखू येत नाही आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. ईडीटीए हे दुसरं रसायन सौम्य असतं पण दिवसचे दिवस लावतं, आणि घरचे रोज विचारतात "झालं काय जी?" मऊ कूर्चेला अनेकदा डीकॅल्सिफिकेशन लागतच नाही. म्हणून कडक भागापासून मऊ तुकडे वेगळे करून एक ब्लॉक आम्लाशिवाय करावा, असा माझा आग्रह असतो. पुढे जनुकीय तपासणी लागली तर तोच ब्लॉक कामी येतो.

शिवाय कूर्चेचा काप काचेवरून सुटतो, गरच रंग पिऊन बसतो, आणि खळगीत आक्रसलेल्या पेशीची कड दिसत नाही. सीडी ४४ तर कडेवरच पाहायचं असतं. त्यात एका लॅबने गाठीचा एक कोपरा घेतला आणि दुसरीने दुसरा, तर फरक येणारच. या गाठी आतून एकसारख्या नसतात.

९. "ई-कॅडहेरिन निगेटिव्ह" आलं. इंटरनेटवर तर लिहिलंय की हे फार वाईट.

ते लिहिलंय ते कातडी, स्तन, आतडं अशा अस्तराच्या कॅन्सरबद्दल. कूर्चेच्या पेशीत ई-कॅडहेरिन मुळात नसल्यातच जमा. जे नव्हतंच ते गेलं म्हणून रडायचं कशाला?

थीसिसवाल्यांसाठी थोडं पुढे. अस्तराच्या कॅन्सरमध्ये ई जाऊन एन-कॅडहेरिन येणं ही धोक्याची खूण मानतात. कूर्चेचा जन्मच वेगळा. गर्भात हातापायाच्या कळीत भावी कूर्चेच्या पेशी आधी दाटीवाटीनं एकत्र येतात, आणि तेव्हा त्यांना जोडणारं प्रथिन एन-कॅडहेरिनच असतं. गर तयार व्हायला लागला की ते कमी होतं. म्हणजे गाठीत एन-कॅडहेरिन दिसलं तर त्या पेशी आपल्या बाळपणाकडे वळल्यात असंही म्हणता येईल. "ई ते एन बदल झाला" हे वाक्य कॉन्ड्रोसार्कोमाच्या थीसिसमध्ये दिसलं की मी समासात लाल पेननं प्रश्नचिन्ह काढतो.

१०. बीटा-कॅटेनिनच्या रिपोर्टात "केंद्रकात" आणि "कडेवर" असं वेगवेगळं का लिहितात?

कारण ते प्रथिन दोन नोकऱ्या करतं. कडेवर असेल तेव्हा कॅडहेरिनचा हात धरून पेशीला जोडून ठेवतं. केंद्रकात शिरलं की जनुकं चालू करायला मदत करतं. म्हणून "बीटा-कॅटेनिन पॉझिटिव्ह" एवढंच लिहिणं म्हणजे माणूस नागपुरात आहे असं सांगणं. घरी आहे की कचेरीत, ते कळत नाही.

११. एन्कॉन्ड्रोमा आहे की कमी ग्रेडचा कॅन्सर, हे डॉक्टरांना नक्की सांगता येत नाहीये. मार्करने ठरेल का?

नाही ठरणार. चिकटवणारी प्रथिनं दोन्हीत जवळपास सारखीच दिसतात. आयडीएच १ आणि आयडीएच २ या जनुकांतला बदलही दोन्हीत सापडतो, त्यामुळे तोही इथे निवाडा करत नाही. अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही या सीमारेषेवर एकमत होत नाही, हे २००७ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या तपासणीत स्पष्ट दिसलं होतं. तेव्हा तुमचे डॉक्टर "नक्की सांगता येत नाही" म्हणत असतील तर ते प्रामाणिक आहेत.

खरी मदत करतात त्या जुन्या खुणा. गाठ जुन्या हाडाच्या पट्ट्यांमध्ये शिरून त्यांना वेढते आहे का? हाडाची भिंत आतून दोन-तृतीयांशाहून जास्त कोरली गेली आहे का? काहीही न करता रात्री दुखतं का? बोटांच्या हाडांत मात्र सूट असते: तिथे पेशी दाट दिसल्या तरी गाठ बहुधा साधीच निघते.

१२. कवटीच्या तळाशी गाठ आहे. एक डॉक्टर कॉर्डोमा म्हणतात, दुसरे कॉन्ड्रोसार्कोमा.

दोन्ही त्याच भागात होतात, दोन्हींत गर असतो, दोन्ही एस-१०० या मार्करला रंगतात. पण कॉर्डोमा, म्हणजे गर्भातल्या पाठीच्या दोरीच्या अवशेषांपासून होणारी गाठ, मूळचा अस्तरासारखा वागणारा: त्यात केराटिन आणि ब्रॅक्युरी हे मार्कर रंगतात, कॉन्ड्रोसार्कोमात रंगत नाहीत. प्रश्न ९ मधलं ई-कॅडहेरिनही कॉर्डोमात दिसू शकतं. निवाडा मात्र ब्रॅक्युरीवर करा. हा फरक करणं आवश्यकच आहे, कारण या जागी कॉन्ड्रोसार्कोमाचा पुढचा प्रवास कॉर्डोमापेक्षा बराच चांगला असतो.

१३. गाठ साधी आहे असं लिहून दिलं, तरी फुप्फुसात ठिपके निघाले. असं काहून झालं?

विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींत, सांध्याजवळच्या हाडाच्या टोकाला कॉन्ड्रोब्लास्टोमा होतो. तो साधा असूनही अगदी क्वचित फुप्फुसात पोचतो. तिथे गेलेल्या गाठीही सहसा शांत असतात आणि काढता येतात. कुठल्याही चिकटपणाच्या मार्करने हे आधी कळत नाही. निदानासाठी मात्र एच-३ के-३६-एम या बदललेल्या हिस्टोनची (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाची) अँटीबॉडी उत्तम आहे.

१४. घरात आजोबा, वडील आणि मुलगा, तिघांच्याही हाडांवर टेंगळं आहेत. हे चिकटवणाऱ्या प्रथिनांमुळेच का?

प्रथिनाच्या अंगावरच्या साखरेमुळे. ईएक्सटी १ किंवा ईएक्सटी २ या जनुकात दोष असला की हेपरन सल्फेटची साखळी नीट तयार होत नाही. ही साखळी सिंडेकनसारख्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना लागते आणि वाढीचे संदेश कुठे, किती पोचायचे ते ठरवते. दोष आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून पिढ्यानपिढ्या दिसतो. बहुतेकांच्या टेंगळाचा आयुष्यभर कॅन्सर होत नाही. वाढ पूर्ण झाल्यावरही टेंगूळ वाढत असेल, दुखत असेल, किंवा एमआरआयमध्ये टेंगळावरची कूर्चेची टोपी २ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर मात्र लगेच दाखवा.

१५. थीसिससाठी ४० ब्लॉक आहेत. सीडी ४४ करून सर्व्हायव्हल काढू का?

काढा, पण आधी मोजा की त्या ४० पैकी किती जणांची गाठ परत आली किंवा किती जण गेले. तो आकडा सात-आठ असेल तर मार्कर, ग्रेड, वय, जागा, कडा असे पाच घटक एका गणितात घालून काही सिद्ध होणार नाही. सीडी ४४ ग्रेडबरोबर वाढतं हे दाखवणं सोपं. ग्रेड माहीत असताना ते आणखी काही सांगतं का, हा खरा प्रश्न, आणि बहुतेक निबंध तिथेच गळतात.

"१० टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह" की "३० च्या वर", हे आकडेमोड करण्यापूर्वी लिहून ठेवा. पी-व्हॅल्यू पाहून रेषा सरकवू नका. मार्करचा अभ्यास कसा मांडावा ते सांगणारी २००५ ची रिमार्क मार्गदर्शक सूत्रं छापून टेबलावर लावा. टिश्यू मायक्रोअरे (अनेक गाठींच्या बारीक गोळ्या एकाच ब्लॉकमध्ये) कूर्चेत जपून: १ मिलिमीटरच्या गोळीत गरच जास्त, पेशी थोड्या, आणि बऱ्याच गोळ्या काचेवरून वाहून जातात. आम्लात ठेवलेले आणि न ठेवलेले ब्लॉक एकत्र मिसळू नका (प्रश्न ८ पाहा).

१६. ही प्रथिनं अडवणारं औषध आहे का?

इंटेग्रिन अडवणारी औषधं बाजारात आहेत, पण ती आतड्याची सूज, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा दुसऱ्या आजारांसाठी. अल्फा-व्ही इंटेग्रिन अडवणारं सिलेंजिटाइड मेंदूच्या कॅन्सरमध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. कॉन्ड्रोसार्कोमाला नेहमीची केमो फारशी लागू पडत नाही, रेडिएशनही मर्यादित. मुख्य उपचार ऑपरेशनच. आयडीएच १ बदल असलेल्यांसाठी आयवोसिडेनिब या गोळीवर चाचण्या चालू आहेत, पण तो वेगळा विषय. "चिकटपणा कमी करतो" म्हणून काढा किंवा पावडर कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

१७. रक्त तपासून हे मार्कर कळतात का?

सीडी ४४ चे सुटे तुकडे रक्तात मोजता येतात, पण ते साध्या सुजेतही वाढतात. करू नका.

१८. आईच्या ऑपरेशनला सात वर्षं झाली, सगळं ठीक आहे. अजून किती वर्षं यायचं?

निदान दहा वर्षं. ही गाठ संथ असते आणि उशिरा परतते, कधी दहा वर्षांनंतरही. ऑपरेशनच्या जागेचा एक्स-रे किंवा एमआरआय आणि छातीची तपासणी, किती महिन्यांनी ते ग्रेडवरून तुमचे डॉक्टर ठरवतील. मार्कर पुन्हा करायची गरज नाही. मात्र पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय, ते फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गाठ परत आली तर आम्ही सगळ्यात आधी तोच मागतो.